चोपड्याची आवक-जावक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुकतीची वेळ साधून सकाळी साडेसहाच्या सुमारास शिवोली-चोपडे पुलावर जाऊन उभे राहावे. वाहने अजून तुरळक असतात. खाली शापोरा नदी ओसरलेली असते आणि कांदळाच्या मुळांपुढे चिखलाचा लांबलचक पट्टा उघडा पडलेला असतो. प्रथमदर्शनी त्या चिखलावर काहीच नसते. डोळे थोडे सरावले की चिखलच हलतोय असे वाटू लागते. मग कळते, की ती पाखरे आहेत. चिखलाच्याच रंगाची, मुठीएवढी, धावत जाऊन थांबणारी आणि पुन्हा धावणारी.

कॉलेजच्या दिवसांत हा पूल नव्हता. म्हापशाला जायचे तर चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहायची. आमच्या आधीची पिढी या बोटीला गासोलीनच म्हणायची. वाट पाहण्याचा तो अर्धा तास मी या चिखलाकडे बघत घालवला आहे, पण तेव्हा मला तिथे पाखरे दिसली नव्हती. जाळे विणत बसलेला एक म्हातारा एकदा म्हणाला होता, "रे पुता, चवथ झाली काय ही येतत. खंयसून येतत ता देवाक खबर." मी मान डोलावली आणि बोट आली म्हणून उठलो. त्याला आणखी काय काय ठाऊक होते ते विचारायचे राहून गेले.

पुढे नोकरी लागली आणि आवक-जावक नोंदवही माझ्या हातात आली. आलेला प्रत्येक कागद आवकेत चढवायचा, गेलेला प्रत्येक कागद जावकेत. ज्याची नोंद नाही तो कागद आलाच नाही, असे आमच्या धंद्याचे साधे तत्त्वज्ञान आहे. तेव्हापासून एक प्रश्न मला अधूनमधून टोचतो. दर शरदात हजारो मैलांवरून आमच्या नदीकाठी ही आवक होते, फाल्गुन-चैत्रात जावक होते, आणि हे किती शतके चालले आहे कुणास ठाऊक. याची वही कोणी ठेवली? चोपडी म्हणजे हिशेबाची वही आणि आमच्या गावाचे नाव चोपडे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. (नावाची व्युत्पत्ती म्हणून कृपया कोणी हे पुढे चालवू नये!)

आपल्याकडे शरदातल्या पाखरांची नोंद अगदीच नव्हती असे नाही. ती पंचांगाच्या आणि शकुनाच्या अंगाने होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, खंजन पक्ष्याच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. खंजन म्हणजे आपला धोबी किंवा परीट, पाणथळीच्या कडेला सतत शेपटी वरखाली करीत चालणारा. पाऊस संपल्यावर हा पहिल्यांदा कुठे दिसला यावरून वर्षाचे फळ सांगितले जाई. कमळावर, गाईच्या पाठीवर दिसला तर उत्तम, राखेवर किंवा हाडांवर दिसला तर वाईट. शकुनाचा भाग बाजूला ठेवला तर त्यात एक शुद्ध निरीक्षण उरते: हा पक्षी पावसाळ्यात नसतो, शरदात येतो, आणि त्याचे पहिले दर्शन ही लक्षात ठेवण्याजोगी घटना आहे. आजचे पक्षिनिरीक्षक 'हंगामातली पहिली नोंद' म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

दसऱ्याला नीलपंखाचे म्हणजे चाषाचे दर्शन घेण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती, उत्तरेकडे ती जास्त. कोकणपट्टीत हा पक्षी पाऊस सरल्यावरच नजरेत भरू लागतो, तेव्हा दसऱ्याशी त्याची गाठ पडणे साहजिकच. याच पंधरा-वीस दिवस आधी आपण सगळे म्हाळाला पान मांडून कावळ्याची वाट पाहत असतो. बाराही महिने दारात ओरडणारा कावळा त्या दिवशी भाव खातो आणि नदीवर सैबेरियाहून आलेल्या पाहुण्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही.

कागदोपत्री इतिहासाकडे वळले तर मात्र आमच्या नदीकाठाचे पान बराच काळ कोरे आहे. शापोरा ही पूर्वी सीमेची नदी. दक्षिणेचा बार्देश १५४३ पासून पोर्तुगीजांकडे, उत्तरेचे पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले आणि नव्या काबिजादीत गणले जाऊ लागले. अडीचशे वर्षे या पाण्यावर दोन्ही बाजूंनी पहारे होते. पलीकडचा शापोऱ्याचा किल्ला त्यासाठीच १७१७ मध्ये नव्याने बांधला गेला. होड्या, माणसे, मीठ, तांदूळ या सगळ्यांवर नजर होती, पाखरांची मोजदाद करण्याचे कुणाला कारण नव्हते.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र ती सुरू झाली होती. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. पाखराच्या पायात क्रमांक कोरलेले कडे घालून सोडायचे आणि ते दुसरीकडे सापडले की प्रवास कळायचा, ही युक्ती डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये पद्धतशीर वापरली. आपल्या देशात तिचा आरंभ १९२६ साली झाला तो धारच्या महाराजांच्या हातून. म्हणजे हे काम एका मराठा संस्थानात सुरू झाले, ही गोष्ट आपल्या इतिहासप्रेमी मंडळींना सहसा ठाऊक नसते. गोव्याच्या वाट्याला यातले काही आले नाही. सालिम अली हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन असे एकेका संस्थानाचे सर्वेक्षण करीत हिंडले, पण गोवा दुसऱ्या राजवटीखाली होता.

यापुढची हकिगत थोडी तपशिलात सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या दाराशी येऊन पोहोचली आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधून काढला. तो गोचिडीतून पसरत होता, आणि गंमत म्हणजे त्याचे जवळचे नातेवाईक रशियात होते. तिथल्या जंगलांत वसंत-ग्रीष्मात मेंदूज्वर आणणारा विषाणू याच कुळातला. मग शंका आली, की सैबेरियातून दर शरदात येणारी पाखरे अंगावरच्या गोचिडींबरोबर हा आजार तर घेऊन आली नाहीत ना? याचे उत्तर शोधायचे तर पाखरे पकडून, कडी घालून, अंगावरच्या गोचिडी तपासायला हव्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९-६० पासून सालिम अलींच्या देखरेखीखाली मुंबईच्या सोसायटीने हे काम हाती घेतले. भारतात पक्षी-स्थलांतराचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास सुरू झाला तो असा, एका तापाच्या निमित्ताने. भरतपूरला, तमिळनाडूच्या कोडियकरैला आणि इतरत्र पाखरांच्या पायांत हजारो कडी गेली. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत संघात सापडू लागली तेव्हा कुठे, ही जातात कुठे, या प्रश्नाचे हातात धरता येईल असे उत्तर मिळाले.

पुढे या कामाला पैसा कमी पडू लागला आणि अमेरिकी सैन्याच्या एका संशोधन-प्रकल्पाकडून मदत घेण्यात आली. मग जे व्हायचे तेच झाले. परदेशी सैन्याला आपल्या पाखरांत एवढा रस का, यातून रोगजंतूंचे युद्ध तर शिकायचे नाही ना, असा ओरडा १९७४ च्या सुमारास वर्तमानपत्रांत झाला. संसदेच्या लोकलेखा समितीनेही परदेशी मदतीच्या अशा प्रकल्पांची झाडाझडती घेतली. सालिम अलींना हे फार लागले. माझ्या मते समितीचे प्रश्न गैर नव्हते. पैसा कुणाचा आणि कशासाठी हे विचारायलाच हवे. पण त्या धुरळ्यात ज्यांनी वर्षानुवर्षे चिखलात उभे राहून कडी घातली त्यांचे काम मात्र संशयाने डागाळले, आणि असा डाग पुसायला खुलासा पुरत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही समजेल.

मूळ शंकेचे काय झाले? पाखरांनी सैबेरियातून तो आजार आणला हे काही सिद्ध झाले नाही. विषाणू इथल्याच जंगलात, इथल्याच गोचिडींत आणि लहान प्राण्यांत नांदत होता. तो पुढे सह्याद्रीच्या कडेने सरकत राहिला. २०१५ साली आपल्या सत्तरीत माकडतापाने माणसे दगावली, २०१६ मध्ये दोडामार्गात तो पोहोचला. चोपड्याला जी शापोरा म्हणतात तीच वर दोडामार्गात तिळारी. नदीच्या एका टोकाला तो ताप, आणि दुसऱ्या टोकाला ज्यांच्यावर त्याचा आळ आला होता ती पाखरे.

गोवा मुक्त झाल्यावर इथली पहिली महत्त्वाची शास्त्रीय यादी आली ती १९७६ मध्ये, रॉबर्ट ग्रब आणि सालिम अली यांनी मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकात छापलेली, अवघ्या बारा पानांची. १९८८ मध्ये चोडणच्या कांदळवनाला सालिम अलींचे नाव देऊन अभयारण्य केले गेले. ते आदल्याच वर्षी वारले होते. त्यानंतर हाइन्झ लाइनर या गृहस्थांनी उत्तर गोव्यात राहून वर्षानुवर्षे पाखरांच्या बारीक नोंदी ठेवल्या. १९९९ मध्ये त्या दोन भागांत प्रसिद्ध झाल्या आणि २००४ मध्ये गोव्याच्या पक्ष्यांवरचे त्यांचे संदर्भ-पुस्तक आले. गोव्यातला पाखरांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडणारा माणूस युरोपातून यावा याचे मला आनंद आणि लाज दोन्ही वाटते. लाज अशासाठी, की आमच्याकडे ज्ञान नव्हते असे नाही. तो जाळे विणणारा म्हातारा चवथीचा हिशेब चोख सांगत होता, पण ते ज्ञान तोंडी होते आणि माणसाबरोबर गेले. मराठीत मारुती चितमपल्लींनी २००२ च्या पक्षिकोशात शेकडो नावे गोळा करून ठेवली म्हणून निदान शब्द तरी वाचले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्र सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवले आहेत. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले.

आता पाखरे चोपड्यालाच का थांबतात, हे पाहू. खरे तर ती चोपड्याला म्हणून येत नाहीत, ती येतात चिखलाला. हा चिखल काही अंशी नदीने केला आहे आणि बऱ्याच अंशी आपल्या पूर्वजांनी. नदीकाठाला बांध घालून, मानशीच्या झडपेने भरती-सुकतीचे पाणी आत-बाहेर करून त्यांनी खाजन जमिनी काढल्या. खाऱ्या पाण्याला न डगमगणारे कोरगुट भात तिथे पिकते. चवथीनंतर काही आठवड्यांत ते कापणीला येते, आणि नेमक्या त्याच सुमारास पाखरांच्या झुंडी उतरू लागतात. कापलेल्या शेतातले खुंट, पाण्याचे डबके, त्यातले किडे, बारीक झिंगे, चिंबोऱ्यांची पिल्ले, सगळे तयार. नदीत भरती आली की उघडा चिखल बुडतो, तेव्हा पाखरे खाजनात सरकतात. सुकती लागली की पुन्हा नदीवर. एक ताट उचलले की दुसरे वाढलेले. जिथे ही दोन्ही ताटे जवळजवळ आहेत तिथेच पाखरे टिकतात.

शेजारच्या आगरवाड्याच्या नावातच आगर आहे. मिठागरांचे उथळ, बांधबंदिस्त चौकोन या पाखरांना फार मानवतात. गोव्याच्या मिठाला मोठा धक्का बसला तो १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने. वर्षाला चार लाख रुपये देऊन इंग्रजांनी इथल्या मीठ-उत्पादनाचा ताबा मिळवला, कितीतरी आगरे बंद पाडली, आणि १८९२ मध्ये करार संपला तेव्हा धंदा पुरता मोडला होता. आजही जी थोडी आगरे चालतात ती काही कुटुंबांच्या हट्टावर. मीठ कोणी कमी खात नाही, पण आगरात उन्हातान्हात राबायला माणूस मिळत नाही. पाखरांना वाचवायचे म्हणणाऱ्यांनी आधी आगऱ्याच्या मिठाला भाव मिळवून द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

येण्याचाही एक क्रम असतो. ऑगस्टमध्ये पाऊस कोसळत असतानाच एखादी तुतवार कांदळाच्या कडेला शेपूट हलवत दिसते. मग छोटे चिखल्या येतात. आपल्या किनाऱ्यावरचे हे चिखल्या तिबेट-लडाखकडच्या उंच पठारांवर वीण करतात. त्यांना आधी उत्तरेकडच्या भाऊबंदांसह एकच जात मानत, २०२३ साली तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जाती केल्या गेल्या. सप्टेंबरात धोबी आणि माळभिंगऱ्या, ऑक्टोबरात शेतावर खालून तरंगत जाणारे भोवते, नोव्हेंबरात बदके, आणि थंडी पडली की मोरजीच्या वाळूवर कुरव आणि सुरय यांचे थवे. यात मला सर्वांत अद्भुत वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तुतवारांच्या अनेक जातींत मोठी पाखरे पिल्लांना मागे ठेवून आधी निघतात. पिल्ले काही आठवड्यांनी, कधी न पाहिलेल्या वाटेने, कोणी दाखवल्याशिवाय येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात चोपड्याच्या चिखलावर जो एवढासा जीव पळताना दिसतो, तो बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वी टुंड्रात अंड्यातून बाहेर आलेला असतो आणि त्याचे वजन असते पंचवीस-तीस ग्रॅम. टपालाच्या साध्या पाकिटापेक्षा थोडे जास्त.

काही पाहुणे तर थांबतही नाहीत. अमूर ससाणे उत्तर चीन आणि त्याच्या आसपासच्या मुलुखातून निघतात, नागालँड-मणिपुरात मुक्काम करतात आणि नोव्हेंबरात भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात. २०१३ साली नागालँडमध्ये तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली. त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती अशी ठेवली होती. ती समुद्र पार करून सोमालियाला पोहोचली. समुद्रावर ते खातात काय? मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की पाऊस संपल्यावर भारतातून लाखो चतुर वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, आणि ससाण्यांसारख्या पाखरांचा प्रवास त्याच काळात, त्याच वाऱ्यावर होतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी खाजनावर तरंगणारे ते पिवळसर चतुर आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवले आहेत. आफ्रिकेच्या प्रवाशांना आपण दोरे बांधत होतो, हे तेव्हा कोण सांगणार?

या सगळ्याच्या नोंदीचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कामाचा कागद माझ्या नजरेखालून गेला. कार्यालयाचे नाव घेत नाही. नदीकाठच्या एका जमिनीचा तो अहवाल होता. 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात लिहिले होते: पडीक. 'वन्यजीव' या रकान्यात: निल. महाराष्ट्रात याला निरंक म्हणतात. ती जमीन मला ठाऊक होती. तिची मानस फुटली, दुरुस्ती झाली नाही, भात बंद पडले म्हणून ती पडीक. आणि मागच्याच रविवारी मी तिथे टिलवे आणि पाणलावे पाहिले होते. भरणाऱ्या माणसाने खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. तो मे महिन्यात गेला असणार. मे महिन्यात पाखरे नसतातच. पण कागदावर ऋतू नसतो, कागदावर फक्त निल असते, आणि पुढच्या टेबलावर तेच प्रमाण धरले जाते.

हे लहान जमिनींचेच होते असे नाही. आपल्याच तालुक्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी त्याची पर्यावरण परवानगी स्थगित करून फेरविचार करायला सांगितले, आणि अहवालात परिसरातल्या संवेदनशील गोष्टी नीट न दाखवल्याबद्दल ताशेरे मारले. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. विमानतळ हवा की नको या वादात मला पडायचे नाही, माझ्याच घरातली मुले त्यावरून ये-जा करतात. मला एवढेच दिसते, की न्यायालयात शेवटी अहवालाचे कागद तपासले गेले, आणि कागदात जे नव्हते ते सिद्ध करायला माणसांना वर्षे घालवावी लागली.

मोरजीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कासवांमुळे तिथला थोडा किनारा राखला गेला. त्याच वाळूवर विसावणाऱ्या कुरव-सुरयांना त्या राखणीचा फायदा होतो तेवढाच. भरतीच्या वेळी त्यांना बसायला कोरडी, निवांत वाळू लागते. मोकाट कुत्रे किंवा एखादी भरधाव जीप दर दहा मिनिटांनी थवा उडवू लागली की ती खाल्लेले सगळे उडण्यातच घालवतात. चोपड्याच्या चिखलाला तर कासवही नाही.

म्हणून मी एक वही केली आहे, दोनशे पानी, लांब, आमच्या नोंदवहीसारखीच आखलेली. दिनांक, वेळ, भरती की सुकती, पाखरू, अंदाजे संख्या, शेरा. हल्ली हे मोबाइलवरही भरता येते आणि जगभरच्या नोंदींत जाऊन बसते. पुतण्या ते काम करतो, वही मी लिहितो. जे ओळखता येत नाही त्यापुढे 'अनोळखी' असे लिहितो. तसे शेरे पुष्कळ आहेत. शेजारच्या एका काकीने विचारले, "ह्या पाखरांचो तुका पगार मेळता काय रे?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मगे आमच्या शेतातली पण लिही. तांबड्या पायांची ती, सकाळची येतत." दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मी तिच्या बांधावर होतो. लाल पायांचे टिलवे, अकरा. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या सासूच्या वेळीही ती याच कोपऱ्यात उतरत. शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहून ठेवले आहे.